एकीच्या बदल्यात तिघी

माझा आवाज मोठा आहे. सगळी नोकरी मुलींना मैदानावर पळवण्यात गेली, तो आवाज आता घरात लहान होत नाही. ज्याला त्रास होतो त्यानं दुसऱ्या खोलीत बसावं. हे आधीच सांगून ठेवते, कारण या सगळ्या प्रकरणात मी एकदाच गप्प बसले, आणि तेही तोंडात जिलेबी होती म्हणून.

जबलपूरला, मदन महल भागात आम्ही चौघं राहतो. माझा मोठा भाऊ रत्नाकर, म्हणजे दादा, रेल्वेतून रिटायर झालेला. त्याची बायको, जिला लहानपणी बेबी नाव पडलं आणि केस पांढरे झाले तरी बेबीच राहिलं. मी, सत्यभामा, मराठी शाळेत पीटी टीचर होते. आणि दादा-वहिनीची मुलगी संपदा, जी घरी कमी असते आणि तिच्या बॅगाच जास्त दिसतात. संपदा खो-खो खेळते. हौस म्हणून नाही बरं, ती तिची कमाई आहे. आता मुलींच्या खो-खोची लीग निघाली आहे, टीव्हीवर लागते, संघांना मालक आहेत, आणि संपदा भोपाळच्या संघात होती. तिला खो-खो मी शिकवला. कोणी विचारो न विचारो, मी हे सगळ्यांना सांगते.

या लीगमध्ये संघ आपापसात खेळाडूंची अदलाबदल करतात. तुमची एक आम्हाला द्या, आमची एक तुम्ही घ्या. त्याला ट्रेड म्हणतात. जिला द्यायचं तिला कोणी विचारत नाही.

त्या दिवशी सकाळी वहिनी पोळ्या लाटता लाटता फोन बघून राहिली होती. साताऱ्याच्या संघानं टाकलेलं एक पोस्टर कोणीतरी तिला पाठवलं होतं. त्यावर एकट्या संपदाचा फोटो, कमरेवर हात, मागे आग आणि धूर. वर 'वेलकम' आणि खाली बारीक अक्षरात 'थ्री-फॉर-वन ट्रेड'. वहिनीनं लाटणं खाली ठेवलं आणि जाहीर केलं की आपल्या पोरीसाठी साताऱ्यानं तीन पोरी दिल्या.

दादानं चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला आणि मान हलवली. रेल्वेत म्युच्युअल बदली असते. तुम्हाला इटारसीहून जबलपूरला यायचं असेल, तर जबलपूरचा कोणीतरी इटारसीला जायला तयार पाहिजे, आणि तोही तुमच्याच ग्रेडचा. दादा स्वतः असाच इथे आला. ज्याच्या जागी आला त्याला तो अजून दर दिवाळीला फोन करतो. तेव्हा त्याच्या डोक्यात गणित पक्कं होतं. एकाला एक म्हणजे बरोबरी. एकीला तीन म्हणजे ती एकटी तिघींच्या तोडीची, आणि पोस्टरवर एकटी कोण आहे ते दिसूनच राहिलं आहे. झालं. रेल्वेच्या माणसानं शिक्का मारल्यावर पुढे कोण बोलणार?

मी आपली आंघोळ आटोपून, चहा घेऊन, शांतपणे भोपाळच्या संघाचं पान उघडलं. तिथे विभावरीचा फोटो होता. ही विभावरी म्हणजे देशातली सगळ्यात चपळ पळणारी. ती मैदानात उतरली की पाठलाग करणाऱ्या मुलींचे चेहरेच पडतात. ती साताऱ्याहून भोपाळला आली म्हणून ढोल-ताशे वाजून राहिले होते. आणि अगदी खाली, ती मिळवण्यासाठी भोपाळनं दिलेली तीन नावं. यशश्री, क्षमा, संपदा. साताऱ्यानं तिघींची तीन वेगळी पोस्टरं केली होती आणि प्रत्येकावर तीच बारीक ओळ टाकली होती. आमच्या घरी त्यातलं एकच पोहोचलं. म्हणजे संपदासाठी तिघी दिल्याच नव्हत्या. विभावरीसाठी तिघी दिल्या होत्या आणि त्या तिघींत आमची एक होती.

मी तडक बाहेर आले आणि म्हटलं, वहिनी, ते जरा नीट वाच. पण तोवर दादा घमापूरहून खोव्याची जिलेबी घेऊन आला होता, आणि वहिनीनं वाक्य पुरं व्हायच्या आत एक अख्खी जिलेबी माझ्या तोंडात कोंबली. खोव्याची जिलेबी काही पटकन गिळता येत नाही. ती गिळेपर्यंत वहिनी डबा घेऊन गल्लीत उतरली होती. संध्याकाळपर्यंत सगळ्या मराठी घरांत ही बातमी गेली, आणि इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब यांचा फोन आला की रविवारी हॉलमध्ये संपदाचा सत्कार ठेवला आहे.

आता आमच्या मंडळाची गोष्ट अशी की सत्काराला फक्त निमित्त पाहिजे. कोणाचा मुलगा इंजिनियर झाला, सत्कार. कोणाची पंच्याहत्तरी झाली, सत्कार. मंडळाच्या कपाटात शालींचा गठ्ठा कायम तयार असतो. कमी पडतात त्या सत्कारमूर्ती.

शुक्रवारी संपदा आली. खरं काय ते तीच आईला सांगेल म्हणून मी थांबले होते. मला वाटलं होतं, हिला हसूच येईल. ती स्टेशनवरून घरी येताना हॉलवरून आली आणि तिथे लागलेलं फ्लेक्स तिनं बघितलं. 'तिघींच्या बदल्यात एकटी, जबलपूरची शान संपदा.' हा मजकूर वहिनीचा. पोरगी घरात आली, आईच्या पाया पडली, जेवली, सगळ्यांशी गोड बोलली, आणि मग दुपारी गच्चीवर माझ्याशेजारी येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"आत्या, मला कोणी फोन तक नाही केला," ती म्हणाली. "मी पोस्टर बघून समजली की मी भोपाळची नाही राहिली. त्यांना विभावरी पाहिजे होती. आम्ही तिघी म्हणजे, दुकानदाराकडे सुट्टे नसले की तो टॉफ्या देतो ना, त्या."

मी तिला सांगायला लागले की हे असं नसतं. पण खरं सांगायचं तर ते तसंच असतं. खो-खोत जी हात लावते तिच्या नावावर गडी बाद होतो. तिच्याआधी जिनं बरोबर वेळेला बरोबर मुलीला खो दिला, पळणारीला कोपऱ्यात ढकलत नेलं, तिचं नाव कुठेच लागत नाही. आमची संपदा ती आहे. डोक्यानं खेळते. मी तिला तसंच शिकवलं, आणि बाजारात त्याला भाव नाही.

मग तिनं खरी गोष्ट सांगितली. सोमवारी साताऱ्याला कॅम्प सुरू होऊन राहिला होता, आणि ती जाणार नव्हती. इथल्या एका शाळेत स्पोर्ट्स टीचरची जागा होती. ती जागा संपदा घेणार होती. खेळ बंद. सत्कार होऊन जाऊ दे, आईची हौस होऊ दे, मग सांगेन की गुडघा दुखतो.

"तुझ्यासारखी टीचर होते ना," ती म्हणाली. "काय वाईट आहे त्यात?"

माझं डोकंच फिरलं. खाली शेजारच्यांनी खिडकी लावली इतक्या जोरात मी बोलले. म्हटलं, मी टीचर झाले कारण आमच्या वेळी लीग नव्हती. असती तर मी टीचर झाले असते काय गं? मला तीन काय, दहा जणींच्या गठ्ठ्यात बांधून कुठेही पाठवलं असतं तरी मी धावत गेले असते. तुला न विचारता दिलं, राग येऊन राहिला आहे ना, तर तो राग साताऱ्याच्या मैदानावर काढ. गच्चीवर काहून काढून राहिली?

तिनं ऐकून घेतलं, पण मन काही बदललं नाही. रविवारपर्यंत मी तीनदा विषय काढला, तीनदा ती उठून गेली. इकडे वहिनी चंदेरी साडीला इस्त्री करून घेऊन राहिली होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

रविवारी हॉल भरला. बापूसाहेबांचं भाषण नेहमीप्रमाणे नागपूरकर भोसल्यांपासून सुरू झालं. आपले पूर्वज फौजेबरोबर नर्मदेकाठी आले, इथे राहिले, हिंदीच्या समुद्रात मराठी टिकवली, वगैरे. ते सगळ्यांना पाठ आहे. लोक त्या वेळात एकमेकांची ख्यालीखुशाली विचारून घेतात. मग ते खो-खोवर आले. त्यांना रंग चढला. म्हणाले, साताऱ्याच्या लोकांची नजर बघा, तीन किरकोळ पोरी देऊन टाकल्या आणि आपला हिरा उचलला. त्या तीन बिचाऱ्यांना आता कोण विचारतो? हॉलमध्ये हशा पिकला. माझ्या शेजारी बसलेली वहिनीही हसली.

मी संपदाकडे बघून राहिले होते. स्टेजवर खुर्चीत बसलेली, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. 'किरकोळ' ऐकलं तशी तिनं मान वर केली. तिनं नारळ खुर्चीवर ठेवला आणि माइकपाशी आली. बापूसाहेबांना वाटलं, आभार मानायला आली. त्यांनी कौतुकानं माइक दिला.

"बापूसाहेब, त्या तिघींतली एक मीच आहे," संपदा म्हणाली.

कोणाला काही समजलं नाही. मग तिनं तिच्या त्या अर्ध्या हिंदी, अर्ध्या मराठीत सगळं नीट सांगितलं. विभावरी कोण, भोपाळनं काय दिलं, काय घेतलं. म्हणाली, आई-बाबांना कोणी सांगितलं नाही, त्यांची काही गलती नाही. म्हणाली, यशश्री आणि क्षमा किरकोळ नाहीत. यशश्री खांबावर झेप घेते तेव्हा समोरच्या संघाचा कोचसुद्धा बघत राहतो. क्षमा तापात खेळली आहे. त्यांच्यावर हसू नका. आणि शेवटी म्हणाली की ती साताऱ्याला जाणार नाही, तिनं खेळ सोडला आहे, तेव्हा ही शाल मंडळानं परत घ्यावी.

मागून कोणीतरी पुटपुटलं, अच्छा, म्हणजे फ्री में गई. मी वळून त्या दिशेनं असं बघितलं की पुढे आवाज आला नाही. दादा जमिनीकडे बघून राहिला होता. आणि सगळा हॉल वहिनीकडे. जिलेबी वाटणारी ती, फ्लेक्स लिहिणारी ती. मला वाटलं, आता ही पदर डोळ्याला लावून दाराकडे जाईल. मी तिच्याबरोबर जायला म्हणून पर्ससुद्धा उचलली.

वहिनी उठली आणि दाराकडे नाही, स्टेजकडे गेली. आयुष्यात कधी माइकपाशी उभी न राहिलेली बाई. तिनं पोरीला विचारलं, त्या दोघी कोण, कुठल्या आहेत. संपदानं सांगितलं, यशश्री धाराशिवची, क्षमा देवासची. त्यांच्या घरी हे माहीत आहे काय? संपदा म्हणाली, क्षमाची आई तिच्याशी बोलून नाही राहिली, म्हणते इतकी वर्षं खेळून शेवटी कोणाच्या तरी बदल्यात भर म्हणून गेली. वहिनीनं विचारलं, आणि त्यांचा कोणी सत्कार केला? नाही, कोण करणार.

"बापूसाहेब, अजून दोन शाली काढा," वहिनी म्हणाली.

बापूसाहेब गडबडले. म्हणाले, वहिनी, मंडळाचा नियम आहे, सत्कार समाजातल्याच व्यक्तीचा होतो, आणि त्यालाही कार्यकारिणीचा ठराव लागतो. वहिनी म्हणाली, कार्यकारिणी काय कुठे गावाला गेली आहे? ही काय समोरच बसली आहे. आणि तिनं माइकवरून विचारलं की तीन मुलींना एकत्र दिलं, तर सत्कार तिघींचा व्हायला पाहिजे की एकीचा? ज्यांना पटतं त्यांनी हात वर करावा. पहिला हात माझा. मग दादाचा. मग पहिली रांग, मग मागची. शेवटी बापूसाहेबांनीही हात वर केला, कारण त्यांचा एकट्याचाच खाली राहिला होता.

शाली निघाल्या. नारळ मात्र एकच आणला होता. एक बाई समोरच्याच घरात धावत गेली आणि दोन नारळ घेऊन आली. वहिनीनं दोन्ही शालींच्या घड्या केल्या, त्यावर एकेक नारळ ठेवला, हळदी-कुंकू लावलं आणि ते सगळं संपदाच्या हातात दिलं. संपदा हात मागे घेऊन राहिली होती. आई, मी जाणार नाही म्हटलं ना, असं ती हळू म्हणाली, पण माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

"नको खेळू," वहिनी म्हणाली. "पण हे त्यांना द्यायला जा. सांग की जबलपूरच्या मराठी मंडळानं तुमचा सत्कार केला. तुमचा अपमान झाला नाही, असं माझ्या आईनं सांगितलं आहे म्हण. तेवढं सांग आणि मग परत ये, मी काही बोलणार नाही."

संपदा माझ्याकडे बघायला लागली. मी तिला मानेनंच खुणावलं, घे. सगळी नोकरी मी मुलींना सांगत आले की उठ, पळ, रडू नको, आणि त्या सगळ्या शिट्ट्यांनी जे झालं नसतं ते माझ्या वहिनीनं दोन नारळांवर केलं. संपदानं ते दोन्ही छातीशी धरले. मग टाळ्या झाल्या. आमच्या हॉलमध्ये अशा टाळ्या मी ऐकल्या नव्हत्या. मला माझ्या वहिनीचा इतका अभिमान वाटला की मी तिथेच, सगळ्यांसमोर, तिच्यापेक्षा वयानं मोठी असून तिच्या पाया पडले. ती घाबरली. म्हणाली, ताई, काय करून राहिली तू.

सोमवारी दादा पोरीला गाडीत बसवून आला. ती गेली ती नारळ द्यायला, आणि सीझन संपेपर्यंत परत आली नाही. पहिल्या आठवड्यात फोनवर मी विचारलं, काय गं, परत कधी? म्हणाली, आत्या, कोचनं आम्हा तिघींना लागोपाठ बसवलं आहे, बघते थोडं. मी एवढंच म्हटलं, बघ. जास्त बोललं की बिघडतं, हे मी या वयात शिकले.

लोक अजून वाद घालतात की त्या ट्रेडमध्ये कोण फसलं. टीव्हीवरच्या शहाण्यांनी तर सांगूनच टाकलं की साताऱ्यानं मूर्खपणा केला. विभावरीनं भोपाळला एकामागून एक सामने काढून दिले, ते मी नाकारत नाही. ती आहेच तशी. आणि साताऱ्याचा जेव्हा भोपाळशी सामना झाला, तेव्हा सातारा हरलाच. पण आधी एक गोष्ट झाली, ती सांगते.

विभावरी पळून राहिली होती. कोणाच्या हाताला लागत नव्हती, साताऱ्याच्या मुली दमल्या होत्या. दादा म्हणाला, सोडा, ही काही सापडत नाही. तेवढ्यात पाठलाग संपदाकडे आला. ती तिच्या मागे धावली नाही. तिनं तिला हळूहळू एका बाजूला सरकवत नेलं, जसं मी तिला शाळेच्या मैदानावर शिकवलं होतं, आणि विभावरी वळणार त्याच्या आधीच्या क्षणी क्षमाला खो दिला. क्षमा उठली, दोन पावलं अशी टाकली की विभावरीला खांबाकडेच जावं लागलं, आणि तिनं यशश्रीला खो दिला. यशश्रीनं खांब एका हातानं धरून अंग झोकून दिलं. विभावरीच्या टाचेला तिची बोटं लागली.

विभावरी बाद. नाव लागलं यशश्रीचं. आमच्या घरात मी, दादा आणि वहिनी, तिघंही उभे होतो.

वहिनीचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. तिनं टीव्हीवरची नजर न काढता उचलला आणि कानाला लावला. पलीकडची बाई इतक्या मोठ्यानं बोलून राहिली होती की आम्हाला सगळं ऐकू आलं.

"संपदा की मम्मी हैं ना? मैं देवास से बोल रही हूँ, क्षमा की माँ. आपने देखा?"

"देखा जी," वहिनी म्हणाली.

"मेरी बेटी का तो नाम भी नहीं आया," ती बाई म्हणाली. "आपकी का भी नहीं आया. पर पकड़ा तो हमारी तीनों ने."

वहिनी खाली बसली, फोन तसाच कानाशी धरून. "हाँ जी," ती म्हणाली, "हमारी तीनों ने." मग त्या दोघी सामना संपेपर्यंत फोन न ठेवता बघत बसल्या.